लव्हेल ग्रिग्सचा आवाज

बर्मिंगहॅम
१४ मार्च १९९९

प्रिय ओझीमामा,

काल बर्नडीनमावशीचा फोन आला. लव्हेलकाका गेल्याचं तिनं दोन वाक्यांत सांगितलं आणि तिसऱ्या वाक्यात मला कामाला लावलं. "अंत्यविधीच्या पत्रिकेत त्याचा जीवनपट तू लिहायचास. कॉलेजात शिकवतेस ना? ओझीला सांगितलं तर तो सगळा माणूस चार ओळींत गुंडाळेल."

शिकागो आणि डेट्रॉइटची मंडळी पोचायला हवीत, म्हणून विधी २७ तारखेला, शनिवारी ठेवलाय. तुमच्याच चर्चमध्ये. मला जरा नवल वाटलं. काकाला मी त्या चर्चच्या आत पाहिल्याचं मला आठवतच नाही. सुट्टीत तुमच्याकडे यायचे तेव्हा रविवारी आपण सगळे आत असायचो आणि तो बाहेर पेकनच्या झाडाखाली, त्या लांबलचक निळ्या गाडीत. काच खाली, हॅट डोळ्यांवर. आई म्हणायची, "गाणं गाजल्यापासून साहेबाला देवाकडे यायला वेळ नाही." हे लिहायचं की गाळायचं?

मला खात्रीशिवाय वाक्य लिहिता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून विचारते. तो गायला कुठे शिकला? बोलताना त्याचा आवाज गंजलेल्या फाटकासारखा लागायचा, आणि 'दुसरी खुर्ची'मध्ये तोच आवाज इतका मऊ कसा होतो? अलाबामातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, ते गाणं लागलं की तो हातातलं काम थांबवतो. पण लव्हेल ग्रिग्स कोण, हे आमच्या कॉलेजात कुणालाच माहीत नाही. मला ते पत्रिकेत नीट मांडायचंय.

तुम्ही फोनला हात लावत नाही, म्हणून हे पत्र. लवकर लिहा.

तुमची
व्हर्लीन

*

कोल्टर्स बेंड
१७ मार्च

पोरी व्हर्ली,

तुझ्या मावशीला सांग, चार ओळींत माणूस मावतो. न मावणारा माणूस मी अजून पाहिला नाही.

लव्हेलबद्दल लिही की त्याच्याकडे ढीगभर हॅट्स होत्या आणि प्रत्येक हॅटला तो नावानं हाक मारायचा. लिही की तो नाचायला लागला की म्हाताऱ्या बायका पाय दुखत असल्याचं विसरायच्या. लिही की तो माझ्या बहिणीला एकदाही मोठ्यानं बोलला नाही, आणि तुझ्या मावशीशी संसार करताना हे किती अवघड आहे ते तुला ठाऊक आहे. आवाजाबद्दल एवढंच लिही की लोकांना आवडला. गाडीचं काही लिहू नकोस.

इथे गुरुवारी तालीम आहे. लव्हेलसाठी तीन गाणी बसवतोय. आमचा नवा टेनर, उंच सुरात गाणारा पोरगा, पट्टीच्याही वर जातो. मदर सिलेस्टीन, आमच्या मंडळीतली सगळ्यांत थोरली बाई, त्याला म्हणाली, "बाळा, स्वर्ग वर आहे हे आम्हाला माहीत आहे, तू इतक्या घाईनं जाऊ नकोस." तो रडवेला झाला. मी ऑर्गनमागे तोंड लपवून हसत होतो.

माझं ठीक आहे. सोमवार ते शनिवार मी गिरणीतून निवृत्त झालेला, गुडघे धरून चालणारा म्हातारा. रविवारी त्या ऑर्गनवर बसून तोंड उघडलं की मी कुणीतरी असतो. तुझी इनेझमामी गेल्यापासून मला दुसरं काही लागलेलं नाही, आणि हे काढून घेतलं तर मग माझं काय उरतं ते मला सांगता येणार नाही.

काळा कोट धुवायला टाकलाय.

ओझी

*

बर्मिंगहॅम
२० मार्च

प्रिय मामा,

काल दुपारी मी 'दुसरी खुर्ची'ची जुनी तबकडी लावली. शब्द नेमके उतरवून घ्यावेत एवढाच विचार होता. ती लावल्यापासून माझं कशातच लक्ष नाही.

'दुसरी खुर्ची मी अजून हलवली नाही, तिच्यावर फक्त ऊन बसतं.' या ओळीच्या आधी गाणारा श्वास घेतो आणि मिटल्या ओठांनी एक बारीक हुंकार देतो, तोंड उघडण्याआधी आत काहीतरी उचलल्यासारखा. तो हुंकार मी ओळखते. माझं सगळं लहानपण त्या हुंकारानं भरलेलं आहे. तुमच्या चर्चमध्ये प्रत्येक प्रार्थना त्यानंच सुरू व्हायची. मी सुई मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मग दुसरी तबकडी काढली, मग तिसरी. प्रत्येकात तोच.

आणि मग खुर्ची. इनेझमामी गेली त्या उन्हाळ्यात मी दहा वर्षांची होते. तुमच्या पोर्चवर दोन खुर्च्या होत्या. मी दुसरीवर बसायला गेले तर तुम्ही माझा दंड धरून मला उठवलंत. तुम्ही मला कधी हात लावला असेल तर तेवढाच. हे गाणं त्यानंतरच्या हिवाळ्यात आलं. तबकडीवर लिहिलंय: शब्द आणि आवाज, लव्हेल ग्रिग्स.

मामा, हे तुम्ही गायलंय. लिहिलंयही तुम्हीच.

मला धक्का बसलाय आणि रागही आलाय, आणि राग कुणाचा ते मला अजून नीट ठरवता येत नाही. बहुतेक लव्हेलकाकाचा. त्यानं तुमचं दुःख स्वतःच्या नावावर केलं, सूट शिवले, गाडी घेतली, आणि आता त्याच्या जीवनपटात मी त्या आवाजाचं कौतुक करायचं? माझी चूक होत असेल तर स्पष्ट सांगा. होत नसेल तर तेही सांगा.

व्हर्लीन

*

कोल्टर्स बेंड
२३ मार्च

पोरी,

तुझ्या आईचे कान तुझ्याकडे आलेत; गळा मात्र आला नाही.

झालं ते असं. गाणी मी करायचो. लव्हेलला शिकवायला मी ती आधी टेपवर गाऊन ठेवायचो, वाट चुकू नये म्हणून दगड ठेवतात तसा खुणेचा आवाज. मग त्यानं त्यावर स्वतःचा आवाज चढवायचा, आणि माझा पुसायचा. सगळे असंच करतात. 'दुसरी खुर्ची'च्या दिवशी तो दुपारभर गायला. शेवटी कानांवरचे हेडफोन काढून ठेवले आणि म्हणाला, "राहू दे, ओझी. हे असंच जाऊ दे." तसंच गेलं. पुढची गाणीही तशीच गेली. गावोगाव तो जायचा, नाचायचा, आणि घसा बसलाय म्हणून सांगायचा. लोक म्हणायचे, बिचाऱ्याचा घसा कायमच बसलेला.

ऐकलंस ते ऐकलंस. लिहू नकोस. लव्हेल चांगला माणूस होता. मला माझा रविवार पुरतो.

ओझी

*

बर्मिंगहॅम
२८ मार्च

प्रिय मामा,

काल तुम्ही बाजूच्या दारानं निघून गेलात. मी तुमच्या घरी येऊन दार वाजवलं. आत दिवा होता. तुम्ही उघडलं नाहीत.

मी काय केलं ते तुम्हाला आता माहीत आहे. 'मला माझा रविवार पुरतो' हे मी तुमच्या नम्रतेचं वाक्य समजले. तुम्ही स्वतःसाठी कधीच काही मागणार नाही, म्हणून ते दुसऱ्या कुणीतरी तुमच्या हातात ठेवायला हवं, असं मी दोन दिवस स्वतःला समजावत होते. शुक्रवारी सकाळी मजकूर छापखान्यात दिला. मावशीला दाखवला नाही. ती नाही म्हणेल हे मला माहीत होतं, म्हणूनच दाखवला नाही.

तुमची पाठ आमच्याकडे होती. तुम्ही जे पाहिलं नाहीत ते मी तुम्हाला सांगायला हवं.

मंडळीचे प्रमुख एल्डर पिकन्स म्हणाले, "जीवनपट आता मंडळी मनातल्या मनात वाचतील," आणि तुम्ही हळू वाजवायला लागलात. सगळ्यांनी पत्रिका उघडली. गरम होत होतं, पुठ्ठ्याचे पंखे हलत होते. मी पुढच्या रांगेतून वळून बघत होते. मला चेहरे बघायचे होते. पहिल्या पानावर त्याचा जन्म, त्याच्या हॅट्स, मावशीशी लग्न. कुणीतरी हसलंसुद्धा. मग पानं उलटली गेली, आणि तिथे माझं वाक्य होतं: 'लव्हेल ग्रिग्स यांच्या नावानं निघालेल्या तबकड्यांवरील शब्द आणि आवाज, दोन्ही त्यांचे मेहुणे ब्रदर ओझी टार्पली यांचे आहेत. हे सत्य आज प्रथमच नोंदवले जात आहे.'

पंखे थांबले. आधी मधल्या रांगांत, मग कडेला, मग मागे. कुणी वर पाहिलं नाही. सगळे पत्रिकेत डोळे घालून बसले, वाचून झालं तरी. कुणाची तरी कुजबुज आली, "अरे देवा, कुणी केलं हे?" पांढऱ्या पोशाखातली मदर सिलेस्टीन तेवढी मान वर करून माझ्याकडे बघत होती. आणि तुम्ही वाजवतच होतात, मामा. त्या सगळ्या बसलेल्या लोकांत फक्त तुम्हालाच काय झालंय ते माहीत नव्हतं. मग तुमचा हात थांबला. तुम्ही मागे वळून पाहिलंत. मी ते विसरू शकणार नाही.

नंतर जेवणाच्या खोलीत कुणी माझ्याशी बोललं नाही. एका बाईनं माझ्यासमोर ताट ठेवलं: चिकन, घेवडा, केकचा तुकडा. ठेवलं आणि निघून गेली. मावशीनं माझ्याकडे पाठ फिरवली. मला वाटलं होतं लोक उठून उभे राहतील, तुमचं नाव घेतील. हे लिहिताना मला माझीच शिसारी येतेय.

मी काय मोडलंय? मला कुणी सांगतच नाही. तुम्ही तरी सांगा.

व्हर्लीन

*

कोल्टर्स बेंड
६ एप्रिल

सिस्टर व्हर्लीन,

ओझी लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते. माझं वय शहाऐंशी आहे आणि हात कापतो, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. कॉलेजात ठेवतेस तेवढी पुरेत.

तुझं ते 'आज प्रथमच' वाचून मला हसू आलं असतं, शनिवार दुसरा कुठला असता तर. अगं बाई, हे कोल्टर्स बेंडमध्ये कुणाला माहीत नव्हतं? ज्या माणसाला आम्ही दर रविवारी ऐकतो, त्याचा आवाज ज्यूकबॉक्समधून आला तर आम्हाला कळणार नाही? केस कापणाऱ्याला माहीत होतं. शेरीफला माहीत होतं. माझ्या मांजरीला माहीत असेल. पण कुणी म्हटलं नाही. आमच्या मंडळीत देवाची सोडून जगाची गाणी गाणाऱ्याला बसवतात. त्यानं मागच्या बाकावर बसायचं. गायचं नाही, वाजवायचं नाही, देवानं आपलं काय केलं त्याची साक्ष द्यायला उठायचं नाही. म्हणून आम्ही म्हटलं नाही. कानांनी ऐकलेलं गिळता येतं. तू ते छापून प्रत्येकाच्या हातात दिलंस. आता एल्डर पिकन्स काय म्हणणार, मला वाचता येत नाही?

ईस्टरच्या दिवशी ओझीला बसवलं. ऑर्गनला कुलूप आहे. त्यानं उठून मंडळीपुढे एकदा म्हणायचं की त्या गाण्यांचा मला पश्चात्ताप आहे, की झालं, परत आपल्या जागी. तो म्हणत नाही. म्हणतो, ते इनेझचं गाणं आहे, त्याचा पश्चात्ताप केला तर इनेझचाच केला.

आता दुसरं. लव्हेलला तू चोर ठरवलंस, म्हणून तुला हे ऐकावं लागेल. सहासष्ट साली तबकडी आली तेव्हा आमचे जुने एल्डर होते, दगडासारखा माणूस. त्यांनी दोन्ही पोरांना आतल्या खोलीत बोलावलं. मी तिथे होते. एल्डर म्हणाले, "हे पाप कुणाचं?" ओझीनं तोंड उघडलं, आणि तो बोलायच्या आत लव्हेल उठला. "नाव माझं आहे, एल्डर. माझंच." त्याला बसवलं नाही, काढून टाकलं. नावावर रेघ मारली. त्या पोराला चर्च तुझ्या मामाइतकंच हवं होतं. त्याची आई त्याच चर्चमध्ये साक्ष देता देता गेली होती. आणि तू लिहितेस सूट आणि हॅट्स. दर रविवारी तो बाहेर गाडीत काच खाली करून का बसायचा, असं तुला वाटलं? आतलं ऐकू यावं म्हणून. पावसातसुद्धा काच खालीच असायची.

त्या खोलीत मला कान होते, सिस्टर; आवाज कुणाचा ते मला माहीत होतं. मी गप्प राहिले. ओझी गेला असता तर आमचं गाणं म्हणजे ओली लाकडं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही आणि तुला का सांगतेय कोण जाणे. बहुधा तू सगळं लिहून ठेवतेस म्हणून.

मदर सिलेस्टीन बॉय्ड

*

बर्मिंगहॅम
९ एप्रिल

प्रिय मामा,

मदरचं पत्र आलं. ते वाचून मी त्या दिवशीची पत्रिका पुन्हा काढून वाचली.

मी एका माणसाच्या शवपेटीसमोर तो चोर असल्याचं छापून वाटलं. तो तिथेच होता, उघड्या पेटीत, त्याच्या आवडत्या करड्या सुटात. बत्तीस वर्षांनी पहिल्यांदा, आणि शेवटचा, त्या चर्चच्या आत परत आलेला. आणि तुम्ही ऑर्गनवर.

बर्नडीनमावशीकडे जाऊन आले. तिनं दार उघडलं, मला आत घेतलं, आणि म्हणाली, "त्यानं मला शपथ घातली होती म्हणून मी बोलले नाही. तू मला विचारलं असतंस तर शपथ मोडली असती." एवढंच. कॉफी दिली. ते रागावण्यापेक्षा जास्त होतं.

मामा, मी तुमच्या पाया पडते. उठा आणि म्हणा की पश्चात्ताप आहे. एकच वाक्य. खोटं असलं तरी म्हणा. देवाला तुमचं मन माहीत आहे, त्याला वाक्यावरून कळायला नको. मी हे लिहितेय यावर माझा विश्वास बसत नाही. दोन आठवड्यांपूर्वी एका वाक्याच्या खरेपणासाठी मी तुमचा रविवार घालवला, आणि आज खोट्या वाक्यासाठी हात जोडतेय. मला त्याचीही लाज नाही. तुम्ही त्या बाकावर गप्प बसला आहात, हे मला सहन होत नाही.

व्हर्लीन

*

कोल्टर्स बेंड
१९ एप्रिल

पोरी व्हर्ली,

काल मी उठलो.

साक्षीची वेळ होती. बसवलेल्या माणसानं फक्त एकाच कारणासाठी उठायचं असतं, त्यामुळे मी उभा राहिल्याबरोबर सगळं चर्च "बोला, ब्रदर, बोला" म्हणायला लागलं. नव्या टेनरनं तर डोळे पुसले. मला वाटतं त्याला सगळ्यांत जास्त सुटका हवी होती.

एल्डर पिकन्सनी विचारलं, "ब्रदर टार्पली, त्या गाण्यांचा तुम्हाला पश्चात्ताप आहे?"

"नाही," मी म्हणालो.

मागून एक बाई "जीझस!" असं किंचाळली, आणि ती प्रार्थना नव्हती. एल्डर हातातल्या नियमांच्या पुस्तकाची पानं उलटायला लागले. चांगला मुलगा आहे तो. त्याला हे काहीच नको होतं.

मी म्हणालो, "इनेझ गेल्यावर प्रार्थनेत जे मावलं नाही ते मी त्यात घातलं. मला ते परत घेता येत नाही. मी मागच्या बाकावर बसेन. पण बसण्याआधी एक मागतो. लव्हेल ग्रिग्सचं नाव परत लिहा. तबकडीवर तो कधी गायलाच नाही. मी तोंड उघडलं आणि मग मिटलं, आणि तो माझ्या जागी उठला. मी बत्तीस वर्षं आत गात राहिलो आणि तो बाहेर ऐकत राहिला."

तुझ्या पत्रिकेत लोकांना जे माहीत होतं तेच छापलं होतंस. हे त्यांना माहीत होतं, पण आपल्याला माहीत आहे हे त्यांनी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. म्हातारे ब्रदर लव्हलेस खाली बघून रडायला लागले. ज्या दिवशी रेघ मारली, त्या दिवशी शाईची दौत त्यांनी धरली होती.

एल्डर हळूच म्हणाले, "ब्रदर, मला लिहायचंय. पण आत घ्यायचं तर त्यानं मंडळीपुढे माफी मागायला हवी. मेलेला माणूस ती कशी मागणार?"

तेव्हा मदर सिलेस्टीन उठली. काठी न घेता.

"आयुष्यभर त्याच्या नावानं दुसरा माणूस गायला," ती म्हणाली. "त्याच्या नावानं दुसऱ्या माणसानं माफी मागितली तर कुठे बिघडलं?"

"पण मदर, नियमात—"

"पिकन्स, मी तुझे लंगोट बदललेत. खाली बस."

एल्डर बसले. देवाशप्पथ, व्हर्ली, ते खाली बसले.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझे गुडघे तुला माहीत आहेत. मी समोरच्या बाकाचा आधार घेतला. बर्नडीन पुढून वळून बघत होती, हातमोजा तोंडावर धरून. मी म्हणालो, "मी लव्हेल ग्रिग्स. जी गाणी मी गायलो नाही त्यांच्यासाठी मी या मंडळीची माफी मागतो."

'आमेन' आधी कुणी म्हटलं मला माहीत नाही. मग सगळ्यांनी म्हटलं, आणि ते थांबेना. ते त्याच्यासाठी होतं की स्वतःसाठी, तेही मला सांगता येणार नाही. एल्डरनी तिथल्या तिथे नाव लिहिलं. बर्नडीननं उठून जाऊन ते वाचलं, आणि ग्रिग्समधलं एक अक्षर नीट आलं नव्हतं म्हणून पुन्हा लिहायला लावलं.

तर लव्हेल आत आहे आणि मी मागच्या बाकावर. माझ्यासाठी कुणी काही बोललं नाही, आणि ते बरोबरच आहे; मी नाही म्हणालो होतो. माझ्याशिवाय गाणं फार वाईट झालं. टेनर सुटलेल्या मेंढीसारखा धावला आणि बाकीचे त्याच्या मागे. एका कडव्यात माझा श्वास आपोआप वर आला. मी ओठ मिटून तो गिळला. किती जड असतो ते मला माहीत नव्हतं. आता दर रविवारी गिळायचा आहे, आणि माझ्या वयाला किती रविवार उरलेत ते मी मोजत नाही.

तू विचारलं नाहीस, पण तुला विचारायचंय ते मला कळतं. तुला माफ केलं का? मी काल दिवसभर बघितलं, आणि मला अजून सापडलेलं नाही. सापडलं तर कळवेन. खोटं वाक्य मी तुलाही लिहिणार नाही.

पण रविवारी ये. मागच्या बाकावर माझ्या शेजारी जागा आहे. तिथे बसणाऱ्यानं गायचं नसतं, त्यामुळे तुझी काही अडचण होणार नाही.

ओझी